रेल्वेचा पास की भाड्याची कार? रामाकोन्याहून परदेशी निघताना



गेल्या कोजागिरीला मसाला दूध आटत होते तेव्हा एका सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, "गुरुजी, तुम्ही दोनदा जर्मनीला जाऊन आलात. आमचा मुलगा म्हणतो, विमानतळावरच कार भाड्याने घेऊ, तुम्हाला आणि आईला चालायचा त्रास नको. सूनबाई म्हणते, रेल्वेने फिरू. तुमचं काय मत?" मी दूध ढवळता ढवळताच सांगून टाकले, "रेल्वेच घ्या. तिकडच्या रेल्वेला तोड नाही." घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला अर्धवट वाटू लागले. त्यांचा मे महिन्याचा बेत आहे, बरोबर दोन लहान नातवंडे आहेत, वहिनींचे गुडघे दुखतात, आणि आयुष्यभराच्या बचतीतला मोठा तुकडा या प्रवासात जाणार आहे. अशा माणसाला दूध ढवळत उत्तर देऊ नये. म्हणून हा लेख. त्यांच्यासाठी आहे आणि याच विचारात असलेल्या आपल्या इतर कुटुंबांसाठीही आहे.

पूर्वी हा प्रश्न आपल्याला पडत नव्हता. परदेशी जायचे म्हणजे मुंबईच्या सहल कंपनीबरोबर जायचे. बस त्यांची, हॉटेल त्यांचे, दुपारी पोळीभाजी आणि संध्याकाळी वरणभातसुद्धा त्यांचाच. आता सौंसर-पांढुर्ण्याकडची मुले पुणे-बंगळुरूमार्गे म्युनिक, लंडन, टोकियो, ऑकलंडला पोचली आहेत. आईवडील त्यांच्याकडे जातात, महिनाभर राहतात आणि मधल्या आठ-दहा दिवसांत फिरायला निघतात. तिथे कोणी टूर मॅनेजर नसतो. जायचे कसे हे आपल्यालाच ठरवावे लागते.

खरे तर रामाकोन्याच्या माणसाला हा प्रश्न नवा वाटू नये. नागपूर-छिंदवाडा छोट्या लाइनवर, म्हणजे अडीच फुटी नॅरोगेजवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. गाडी अर्धा दिवस खायची, पण पोती, टोपल्या, लेकरे सगळ्यांना घेऊन जायची, आणि कुकडीखापाच्या धबधब्याजवळून जाताना सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा व्हायचा. २०१५च्या अखेरीस मोठ्या लाइनच्या कामासाठी ती बंद झाली. काम टप्प्याटप्प्याने झाले आणि मधली कित्येक वर्षे आपण सगळे रस्त्यावर आलो. खासगी बस, काळीपिवळी, मोटरसायकल, आणि ज्यांना जमले त्यांची स्वतःची कार. राज्य परिवहन महामंडळ मध्य प्रदेशात त्याच्या बरेच आधी गुंडाळले गेले होते, त्यामुळे सरकारी बसचाही आधार नव्हता. मोठी लाइन आली, फलाट उंच झाले, गाडीचा वेग वाढला. तरी आमच्या गल्लीतल्या ज्या घरांनी त्या काळात कार घेतली, त्यांतली फारच थोडी माणसे आज नागपूरला जायला रेल्वेने निघतात. विचारले तर एकच उत्तर येते: गाडी चांगली आहे हो, पण परतायच्या वेळेला नाही.

आता त्याच जिल्ह्यातले पांढुर्णा पाहा. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारी मुख्य लाइन तिथून जाते. दिवसरात्र गाड्यांचा राबता असतो. त्यातल्या बऱ्याच न थांबता धडधडत निघून जातात हा भाग वेगळा, पण थांबणाऱ्याही पुष्कळ आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून नवा जिल्हा झाला. या एका जिल्ह्यात दोन स्टेशने अशी आहेत की दोन्हीकडे 'रेल्वे आहे' असेच म्हणावे लागते, पण त्या म्हणण्याचा अर्थ दोन ठिकाणी अगदी निराळा आहे. परदेशातही हेच. 'युरोपात रेल्वे उत्तम आहे' हे वाक्य 'भारतात रेल्वे आहे' या वाक्याइतकेच पोकळ आहे. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला, किती वाजता, आणि ती चुकली तर पुढची कधी, एवढेच विचारायचे.

हा हिशेब सगळ्यांत स्वच्छ मांडला तो स्वित्झर्लंडने. १९८२ साली त्यांनी देशभर ठरावीक अंतराने गाड्यांचे वेळापत्रक लागू केले. दर तासाला एक गाडी, आणि प्रत्येक तासाला त्याच मिनिटाला. नऊ वाजून दोन मिनिटांनी असेल तर दहा वाजून दोन मिनिटांनीही असणार. मुख्य जंक्शनवर चारही बाजूंच्या गाड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने येतात, माणसे बदली करतात, गाड्या पुन्हा चारही दिशांना सुटतात. स्टेशनबाहेर पोस्टाची पिवळी बस उभी असते आणि तिची वेळ रेल्वेच्या वेळेशी जुळवलेली असते. तिथे तीन मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की गाडी उशिरा धरतात, आणि या कडक मोजमापानेही नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवासी वेळेवर पोचतात. अशा देशात कार घेऊन माणूस काय मिळवणार? शिवाय त्सेरमाट, वेंगेन, म्युरेन ही जी गावे आपल्याला फोटोत पाहून भुरळ घालतात, तिथे बाहेरच्या मोटारी जाऊच देत नाहीत. त्सेरमाटला जायचे तर कार खाली टेश गावी ठेवायची आणि पुढची बारा मिनिटे रेल्वेनेच जायचे. म्हणजे भाडेही भरा, पार्किंगही भरा आणि शेवटी तिकीटही काढा. स्विस ट्रॅव्हल पास आई किंवा वडिलांकडे असेल तर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना बरोबर फुकट नेता येते, त्यासाठीचे फॅमिली कार्ड पासबरोबर मागून घ्यावे लागते. सहाच्या आतली तशीही फुकट. नातवंडांना एकट्या आजी-आजोबांनी नेऊन ही सवलत मागायचा बेत मात्र करू नका, ती आईवडिलांसाठी आहे.

जर्मनीबद्दल मी त्या रात्री जे बोललो, ते मला मागे घ्यायला हवे. आपल्याकडे जर्मन माणूस म्हणजे घड्याळ, असा समज आहे. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या त्या ६२.५ टक्के, आणि त्यांच्याकडे 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर. आपल्या मानाने सहा मिनिटे म्हणजे काहीच नाही, हे खरे. पण आपल्या गाडीत बसले की नागपूरपर्यंत बदलायचे नसते. तिकडे प्रवास तीन तुकड्यांचा असतो आणि मधे सात मिनिटांची बदली. पहिली गाडी दहा मिनिटे उशिरा आली की दुसरी गेली. आमच्या दुसऱ्या खेपेला आम्ही लेकीबरोबर एका डोंगराळ गावी निघालो होतो. एक बदली चुकली, पुढची गाडी तासाने आली, आणि स्टेशनवर उतरलो तेव्हा गावाकडे जाणारी शेवटची बस निघून गेली होती. रविवार, संध्याकाळचे साडेसात, चिटपाखरू नाही. टॅक्सी बोलावून अठरा किलोमीटर गेलो, त्याचे पैसे ऐकून आमच्या सौभाग्यवती पुढचे दोन दिवस रुपयांत हिशेब करत होत्या. रामाकोन्याला निदान कोणीतरी ओळखीचा मोटरसायकलवाला भेटला असता.

युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे गाडी तासभर उशिरा पोचली तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास उशिरा पोचली तर ५० टक्के रक्कम मागता येते. पण त्यासाठी सगळे तुकडे एकाच तिकिटावर हवेत, आणि अर्ज करावा लागतो. टॅक्सीच्या पावत्या जपून ठेवाव्यात हेही आम्ही नंतर शिकलो.

तरीसुद्धा जर्मनीत एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे कारचा विचार करताना दोनदा थांबावे. तिचे नाव डॉइचलांड-टिकेट. मे २०२३मध्ये महिन्याला ४९ युरोला सुरू झाले, २०२५मध्ये ५८ झाले आणि जानेवारी २०२६पासून ६३ युरो आहे. महिनाभर देशातल्या सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम, बस. आपल्या भाषेत, एक्स्प्रेस सोडून सगळे. चार मोठी माणसे म्हणजे २५२ युरो. युरो आता शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून जास्तच, पण एवढ्यात चौघांचा महिन्याचा प्रवास झाला. म्युनिकहून फ्युसेनला, म्हणजे तो प्रसिद्ध पांढरा राजवाडा पाहायला जाणारी गाडी यात बसते. सीमेपलीकडच्या साल्झबर्गपर्यंतसुद्धा जाता येते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे तिकीट वर्गणीसारखे आहे, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. आणि ते कॅलेंडरच्या महिन्यापुरते असते. २० मे ते ५ जून असा बेत केला तर दोन महिन्यांचे पैसे लागतील. तारखा थोड्या सरकवल्या तर तेवढे वाचतात.

जपानचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे उत्तर सोपे आहे. मोठ्या शहरांमध्ये फिरायचे असेल तर रेल्वे, प्रश्नच नाही. पण 'जपानला जायचे तर जेआर पास काढायचाच' हा जुना सल्ला आता जसाच्या तसा चालत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियो-क्योटो जाऊनयेऊन सुटी तिकिटे काढली तर साधारण २८,००० येनच्या आसपास भागते. म्हणजे एवढाच प्रवास असेल तर पास घेणारा माणूस तोट्यात. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहताना ते कोणत्या वर्षीचे आहेत हे आधी बघत जा.

आता कारकडे येतो. कार महाग की स्वस्त, हा आपण पहिला प्रश्न विचारतो. माझ्या मते तो तिसरा किंवा चौथा आहे. पहिला प्रश्न असा की चालवणार कोण?

कोजागिरीनंतर मी त्या सभासदांना फोन करून हेच विचारले. ते म्हणाले, "मुलगाच चालवेल की. दहा वर्षं चालवतो आहे, सिल्लेवानीचा घाट डोळे मिटून उतरतो." मी विचारले, "त्याच्याकडे जर्मन लायसन्स आहे का?" ते म्हणाले, भारताचे आहे, आणि जाताना आंतरराष्ट्रीय परमिटही काढून नेले होते. इथेच गोम आहे. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला आपले भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट यांवर जर्मनीत कार चालवता येते. पण जो तिथे राहायला गेला, त्याचे भारतीय लायसन्स सहा महिन्यांनंतर तिथे चालत नाही. मग जर्मन लायसन्स काढावे लागते, आणि भारतीय माणसाला त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मुलाला तिथे जाऊन दोन वर्षे झाली आहेत. त्याने परीक्षा दिलेली नव्हती. म्हणजे दहा वर्षांचा सराव असलेला मुलगा तिथे कायद्याने कार चालवू शकत नाही, आणि चौसष्ट वर्षांचे वडील, ज्यांनी उजव्या बाजूने कधी सायकलसुद्धा चालवली नाही, ते मात्र चालवू शकतात! इंग्लंडमध्येही असाच नियम आहे, तिथे मुदत बारा महिन्यांची. अमेरिकेत राज्याप्रमाणे बदलतो. लायसन्स नसताना चालवली आणि कुठे घासली, तर पोलिसांचे प्रकरण वेगळे आणि विम्याचे वेगळे. ज्या मुलाचा तिथला व्हिसा आणि नोकरी त्या देशाच्या मर्जीवर आहे, त्याने फिरायला जाण्यासाठी हे ओढवून घ्यावे का? मुलाला हे माहीत नव्हते, आणि तो खोटे बोलत नव्हता. आपल्याकडून गेलेल्या अनेक मुलांना हे माहीत नसते.

ज्यांना पाहुणे म्हणून चालवायची आहे, त्यांनी परमिट इथूनच काढायचे असते. तिथे गेल्यावर आठवून उपयोग नाही. परिवहन विभागाच्या पोर्टलवर ४-ए हा अर्ज, फी १,००० रुपये, पासपोर्ट आणि लायसन्स लागते, मुदत एक वर्ष. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने या परमिटचा नमुना देशभर एकसारखा केला, त्यावर आता क्यूआर कोड असतो. भारताचे परमिट १९४९च्या जिनिव्हा कराराखालचे आहे. जपान तोच करार मानतो, म्हणून तिथे आपले परमिट चालते. व्हिएतनाम फक्त १९६८चा करार मानतो, तिथे आपले परमिट ग्राह्य नाही. आजकाल स्वस्त म्हणून बरीच तरुण मंडळी तिथे जातात आणि दुकानदार स्कूटर हातात देतो. दुकानदाराने किल्ली दिली म्हणजे कायद्याने परवानगी दिली असे होत नाही.

दुसरा प्रश्न, कोणत्या बाजूने. इंग्लंड, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, थायलंड, मलेशिया, श्रीलंका, मॉरिशस, इथे आपल्यासारखेच डावीकडून. युरोप खंडात आणि अमेरिकेत उजवीकडून. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. चूक होते ती सकाळी पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, रिकाम्या गल्लीत वळताना, गोल चौकात शिरताना. हात आपोआप जुन्या सवयीने जातात. त्यात रात्रभराचा विमानप्रवास, घड्याळ साडेतीन-चार तास मागे, आणि मागच्या सीटवर आपली सगळी माणसे. विमानतळावर उतरल्याबरोबर कार घेऊ नये हे माझे ठाम मत आहे. कोणी कितीही पट्टीचा ड्रायव्हर असो. एक रात्र झोपावे, दुसऱ्या दिवशी रेल्वेने एखाद्या लहान गावी जावे आणि तिथल्या शांत रस्त्यावर पहिल्यांदा कार हातात घ्यावी. मोठ्या शहरात शिरायच्या आधी ती परत करावी.

पैशांचे म्हणाल तर जाहिरातीतला दर हा नवरदेवाच्या फोटोसारखा असतो. काउंटरवर गेल्यावर बाकीचे घरचे भेटतात. अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात, तीही क्रेडिट कार्डावर, आणि कार्ड ज्याच्या नावाने बुकिंग आहे त्याचेच हवे. आमच्या जावयांच्या मित्राचे हेच झाले. पैसे भरलेले, पण कार्ड बायकोच्या नावाचे, काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे मान हलवली आणि चार माणसे बॅगांवर बसून राहिली. पंचवीसच्या आतला ड्रायव्हर असेल तर जादा आकार, काही ठिकाणी सत्तरीनंतर देतच नाहीत. दुसरा ड्रायव्हर, मुलांची सीट, एका गावी घेऊन दुसऱ्या गावी परत करणे, सीमा ओलांडणे, प्रत्येकाचे वेगळे. मुलांची सीट हा हौसेचा भाग नाही, युरोपात देशाप्रमाणे १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत कायद्याने लागते. नातवाला मांडीवर घेऊन बसायची आपली सवय तिकडे चालणार नाही. स्वित्झर्लंडच्या हायवेवर जायचे तर ४० फ्रँकचा वर्षाचा स्टिकर, एक दिवस गेलात तरी तेवढाच. इटलीत फ्लॉरेन्स, रोमसारख्या जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय मोटार नेता येत नाही, कॅमेरे लावलेले असतात, आणि दंडाचे पत्र तुम्ही इथे संत्र्याच्या बागेत आंबिया बहराची फवारणी करत असता तेव्हा येते.

विम्याबद्दल एक गैरसमज पुष्कळ ऐकतो. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा काढावाच लागतो, म्हणून मंडळी म्हणतात, विमा झालेला आहे. तो तुमच्या आजारपणाचा आहे. कारचा त्याच्याशी काही संबंध नाही. कारबरोबर मिळणाऱ्या विम्यातही सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते, आणि टायर, काच, गाडीचा तळ बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात. कार ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा. लाजू नका.

इतके वाचून वाटेल की मी कारच्या विरोधात आहे. तसे नाही. आपल्या मंडळातले दुसरे एक कुटुंब लेकीकडे न्यूझीलंडला जाणार आहे. त्यांना मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे, कारच घ्या. तिथल्या लांब पल्ल्याच्या रेल्वे म्हणजे देखावा पाहायच्या गाड्या आहेत. क्राइस्टचर्चहून ग्रेमाउथला जाणारी सुंदर आहे, पण दिवसातून एकदा. रस्ते डावीकडून, गर्दी कमी, लेकीकडे तिथले लायसन्स. स्कॉटलंडचा उत्तर भाग, आइसलंड, अमेरिकेतली येलोस्टोनसारखी उद्याने, इथेही रेल्वेचा हट्ट म्हणजे आपल्या छोट्या लाइनवर बसून विमान पकडायला जाण्यासारखे. आइसलंडमध्ये तर प्रवासी रेल्वे नाहीच.

आणि गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे. रेल्वेची बाजू घेणारे तरुण तो विसरतात. मुलगा जे म्हणत होता त्यात तथ्य आहे. तेवीस किलोची बॅग, तिच्यात चकली, शेवया, मेतकूट आणि सांडगे, सहा मिनिटांत एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर, आणि लिफ्ट नेमकी बंद. वयस्कर माणसाला गाडीतला प्रवास सोसतो, बदली सोसत नाही. पण याचे उत्तर दर वेळी कारच आहे असे नाही. कारमध्ये चार तास पाय दुमडून बसणेही गुडघ्यांना बरे नाही, आणि स्वच्छतागृहासाठी दर वेळी थांबायला सांगताना आपल्या बायका संकोचतात, पाणीच कमी पितात. रेल्वेत उठून चालता येते. उपाय असा की बदल्या मोजाव्यात. अर्धा तास जास्त लागला तरी थेट गाडी निवडावी, निदान वीस मिनिटांची बदली ठेवावी, मुक्काम कमी करावेत आणि मोठी बॅग मुलाच्या घरीच ठेवून लहान पिशवी घेऊन निघावे. जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये तर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर काही मार्गांवर तिच्यासाठी जागा आधी आरक्षित करावी लागते.

आणखी एक ताजी गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या शेंगेन देशांत बाहेरच्या प्रवाशांची बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंदणी करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. पहिल्या वेळी रांगेत जास्त वेळ जाऊ शकतो. स्वस्तातले रेल्वेचे तिकीट एका ठरावीक गाडीचेच असते, ती चुकली की तिकीट गेले. म्हणून उतरण्याच्या दिवशीचे असे तिकीट काढूच नका.

मग त्या सभासदांचे काय ठरले? गेल्या रविवारी ते, वहिनी आणि मी त्यांच्या ओसरीवर कागद घेऊन बसलो, मुलगा-सून फोनवर. पहिले चार दिवस म्युनिक आणि आसपास, महिन्याच्या तिकिटावर. मुक्काम पूर्णपणे मे महिन्यातच बसवला. मग म्युनिकहून झुरिचला थेट गाडी, साडेतीन तासांची, एकही बदली नाही. स्वित्झर्लंडमध्ये तीन ऐवजी एकाच गावी मुक्काम, रोज तिथून जाऊनयेऊन. कार फक्त शेवटच्या दोन दिवसांसाठी, बव्हेरियातल्या डोंगराकडे, जिथे सायंकाळी बस लवकर बंद होते. ती सुनेचा चुलतभाऊ चालवणार. तो तिकडेच असतो आणि त्याच्याकडे जर्मन लायसन्स आहे, हे त्याने फोटो पाठवून दाखवले. क्रेडिट कार्डही त्याचेच. मुलाने जर्मन लायसन्सच्या वर्गात नाव घातले आहे.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, त्या स्वित्झर्लंडच्या गाडीत डबा उघडून जेवता येते ना? येते म्हटले. मग त्या दशम्या किती दिवस टिकतात याचा हिशेब करायला आत गेल्या. नागपूरला विमान गाठायला मात्र हे सगळे भाड्याच्या कारनेच जाणार आहेत. रामाकोन्याहून त्या वेळेला गाडी नाही.